जिलाबंदीपासून जिल्हा परिषदेपर्यंत : प्रशासनाच्या मधल्या पायरीचा अभ्यास

हैदराबाद शहरातील आबिड्स हा भाग दुकानांसाठी आणि दर रविवारी पदपथावर भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारासाठी सर्वांच्या परिचयाचा आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आबिड नावाच्या सेवकाच्या दुकानावरून या भागाला हे नाव पडले. याच भागात ‘चिराग अली लेन’ नावाची गल्ली आहे. तेथे खरेदीसाठी येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे नाव कोणाचे, याची कल्पना असेल. मौलवी चिराग अली हे १८७७ मध्ये निजामाच्या महसूल खात्यात दाखल झालेले एक विद्वान अधिकारी. पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत राज्यकारभारात कोणते बदल झाले, याचा चार खंडांचा विस्तृत वृत्तान्त त्यांनी लिहिला. हिंदुस्थानातील एका मोठ्या संस्थानाने आपली राजधानी आणि आपली खेडी यांमधील कारभार कसा नव्याने उभारला, याची हकीकत त्यात आली आहे.

ही हकीकत महाराष्ट्रातील वाचकाला परकी नाही. मराठवाड्यातील जिल्हे या कारभाराखाली १९४८ पर्यंत होते. आजही मराठवाड्यात जमिनीची जुनी नोंद काढावयाची म्हटले, की उर्दूतील कागद समोर येतात आणि ते वाचणारा जाणकार शोधावा लागतो. म्हणून राज्य आणि गाव यांच्या मधल्या पायरीची सुधारणा म्हणजे नेमके काय, ती केव्हा टिकते आणि केव्हा नुसती कागदावर राहते, या प्रश्नाचा विचार हैदराबादच्या उदाहरणावरून करणे उपयुक्त ठरेल.

मधली पायरी आणि तिच्या चार कसोट्या

केंद्र शासन आणि राज्य शासन धोरण ठरवितात. गावात त्याची अंमलबजावणी होते. या दोहोंमध्ये विभाग, जिल्हा, तालुका अथवा मंडल अशा पायऱ्या असतात. सामान्य नागरिकाचा शासनाशी संबंध बहुधा याच पायऱ्यांवर येतो. वारसाची नोंद, शिधापत्रिका, शिक्षकाची नेमणूक, रुग्णालयातील औषधे, रस्त्याची दुरुस्ती, यांपैकी कोणतेही काम घ्या. ते मधल्या पायरीवर अडते किंवा तेथेच मार्गी लागते.

या पायरीत सुधारणा झाली किंवा नाही, हे ओळखण्यासाठी चार साधे प्रश्न विचारावेत. पहिला, त्या कार्यालयाला कोणता निर्णय स्वतः घेता येतो? दुसरा, तो अमलात आणणारी माणसे त्याच्या हाताखाली आहेत काय? तिसरा, खर्चासाठी लागणारा पैसा कोठून येतो व तो निश्चित आहे काय? आणि चौथा, काम चुकले तर जाब कोणाला द्यावा लागतो? अधिकार, माणसे, पैसा आणि जाब या चार कसोट्या लावून पुढील इतिहास पाहू.

मक्त्याकडून पगारी अधिकाऱ्याकडे

मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग, १८५३ मध्ये हैदराबादचे दिवाण झाले. त्या वेळी संस्थानची आर्थिक स्थिती अत्यंत बिकट होती. इंग्रजांच्या देण्यापोटी त्याच वर्षी वऱ्हाडासह काही जिल्हे त्यांच्या हवाली करावे लागले होते. उरलेल्या मुलखाचा वसूल मक्त्याने दिला जाई. मक्ता घेणाऱ्या तालुकदाराने दरबाराला ठरलेली रक्कम द्यावी आणि रयतेकडून जमेल तेवढे वसूल करावे, अशी रीत होती. सावकारांची देणी फेडण्यासाठी कित्येक भागांचा वसूल त्यांच्याकडेच गहाण पडलेला असे. अशा व्यवस्थेत रयतेची दाद घेणारा अधिकारी मधे कोणी नव्हताच. जो मधे होता तो व्यापारी होता.

सालारजंगांनी प्रथम मक्तेदारांच्या जागी पगारी अधिकारी नेमण्यास प्रारंभ केला. १८६० मध्ये रायचूर दुआब आणि नळदुर्ग (धाराशिव) हे जिल्हे इंग्रजांकडून परत मिळाले. तेथे सात वर्षे जिल्ह्याच्या धर्तीवर कारभार चालला होता. त्याचा नमुना हाताशी आला. १८६५ मध्ये ‘जिलाबंदी’ अमलात आली. संस्थानचे जिल्हे पाडण्यात आले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम व सोयम तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार अशी उतरंड लागली. जिल्ह्यांचे मिळून विभाग झाले आणि त्यांवर सदर तालुकदार आले. पुढे विभागाला सुभा आणि त्याच्या प्रमुखाला सुभेदार म्हणू लागले. विसाव्या शतकात औरंगाबाद, गुलबर्गा, मेदक आणि वरंगळ असे चार सुभे होते. महसुलाच्या पाठोपाठ न्याय, पोलीस, शिक्षण आणि बांधकाम ही खातीही जिल्ह्यांपर्यंत पोहोचली.

पहिल्या तीन कसोट्यांवर ही सुधारणा खरी ठरते. अधिकार लेखी ठरले, माणसे पगारी झाली आणि वसूल थेट खजिन्यात जमा होऊ लागला. ज्याचे पोट मक्त्याच्या नफ्यावर अवलंबून नाही, असा अधिकारी रयतेला प्रथमच भेटला. सालारजंग १८८३ मध्ये निवर्तले. परंतु त्यांनी घालून दिलेली चौकट त्यानंतर पासष्ट वर्षे टिकली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या प्रारंभी हैदराबादने न्यायदान आणि कार्यकारी सत्ता एकमेकांपासून वेगळी केली. उर्वरित देशात हे काम सर्वत्र पूर्ण होण्यास १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यावी लागली. या गोष्टीचे श्रेय त्या राज्यकारभाराला द्यावयास हवे.

जिलाबंदीच्या मर्यादा

असे असले तरी तीन उणिवा राहून गेल्या. पहिली, ही व्यवस्था सर्व मुलखाला लागू नव्हती. संस्थानचा सुमारे दहावा हिस्सा निजामाच्या खाजगी मालकीचा, म्हणजे ‘सर्फ-ए-खास’ होता, तर सुमारे तीस टक्के प्रदेश जहागिरींखाली होता. शेजारशेजारच्या दोन गावांपैकी एक तहसीलदाराकडे आणि दुसरे जहागीरदाराकडे, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. दाद कोठे मागावयाची, हे शेतकऱ्याचे गाव कोणत्या बाजूला पडते यावर ठरे.

दुसरी उणीव भाषेची. १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली. संस्थानातील लोकांपैकी निम्म्याच्या आसपास तेलुगू, सुमारे एकचतुर्थांश मराठी आणि त्याहून कमी कन्नड बोलणारे होते. सुभ्यांच्या सीमा आखतानाही भाषेचा विचार नव्हता. मराठी भाषक उस्मानाबाद जिल्हा गुलबर्गा सुभ्यात होता. आपल्याविषयीचा हुकूम आपल्याला वाचता येत नाही, ही गोष्ट कार्यालय कितीही जवळ आले तरी नागरिकाला त्यापासून दूरच ठेवते.

तिसरी उणीव सर्वांत मोठी. तहसीलदार अव्वल तालुकदाराला, अव्वल तालुकदार सुभेदाराला आणि सुभेदार दरबाराला जाब देई. खाली, लोकांना, जाब देण्याची सोय त्यात नव्हती. चौथ्या कसोटीवर जिलाबंदी अपुरी पडली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास आणि जहागिरी संपुष्टात आल्या आणि पहिली उणीव दूर झाली. उरलेल्या दोन उणिवांसाठी मात्र नवा मार्ग शोधावा लागला.

१९५६ : भाषा जवळ आली, कार्यालय दूर गेले

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि तेलंगणाचे जिल्हे आंध्राशी जोडून आंध्र प्रदेश हे राज्य झाले. भाषेचा प्रश्न यामुळे सुटला. पण अंतराचा प्रश्न काही ठिकाणी वाढला. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका नांदेड जिल्ह्यात आला. किनवटच्या माणसाला आपल्या भाषेचे राज्य मिळाले. परंतु आदिलाबाद हे जवळचे जिल्ह्याचे गाव सुटून सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर असलेले नांदेड त्याचे मुख्य ठिकाण झाले. उच्च न्यायालयाचीही तीच गत. हैदराबादऐवजी मराठवाड्याच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागली. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे खंडपीठ सुरू झाले, तेव्हा पाव शतकाची ही पायपीट संपली.

सीमा बदलणे आणि सोय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे किनवटच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथे पुढे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आले. जिल्ह्याचे ठिकाण न हलविताही आश्रमशाळांसारख्या विषयांचे काम लोकांच्या जवळ नेता येते, हे त्यावरून लक्षात यावे. किनवट हा स्वतंत्र जिल्हा व्हावा, ही तेथील जनतेची मागणीही जुनी आहे. तिचा निर्णय काहीही होवो. कोणते अधिकार किनवटला वापरता येतील, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

प्रादेशिक समितीचा प्रयोग

तेलंगणाच्या बाबतीत आणखी एक प्रयोग झाला. विलीनीकरणापूर्वी, फेब्रुवारी १९५६ मध्ये, दोन्ही भागांच्या नेत्यांत एक समझोता झाला होता. त्याला अनुसरून राष्ट्रपतींच्या १९५८ च्या आदेशाने तेलंगणाच्या आमदारांची प्रादेशिक समिती अस्तित्वात आली. स्थानिक स्वराज्य, शिक्षण, आरोग्य, शेती यांसारख्या विषयांवरील विधेयके तिच्यापुढे यावीत आणि मतभेद झाल्यास राज्यपालांचा निर्णय अंतिम मानावा, अशी तरतूद होती.

राज्य आणि जिल्हा यांच्यामध्ये एका प्रदेशाच्या लोकप्रतिनिधींना स्थान देणारी ही व्यवस्था अभ्यासण्याजोगी आहे. तिला जाब विचारण्याची शक्ती होती. पण स्वतःची माणसे नव्हती आणि स्वतःचा खजिनाही नव्हता. तेलंगणात जमा झालेला शिलकी महसूल त्याच भागात खर्च होतो की नाही, हा वाद वाढत गेला. १९६९ मध्ये मोठे आंदोलन झाले आणि शिलकीचा हिशेब पाहण्यासाठी न्यायमूर्ती वशिष्ठ भार्गव यांची समिती नेमावी लागली. १९७३ च्या सहा कलमी सूत्रानुसार प्रादेशिक समिती गुंडाळण्यात आली. पुढे चार दशकांनी, २ जून २०१४ रोजी, तेलंगण हे वेगळे राज्य झाले. त्यामागे अनेक कारणे आहेत. परंतु मधली पायरी नुसती सल्ल्यापुरती ठेवली, तर तिच्याकडून सुटावयाचे प्रश्न आणखी मोठ्या स्वरूपात वर येतात, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्राला या अनुभवाशी जवळचे नाते आहे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ व मराठवाड्याच्या विकासाची हमी होती आणि राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदात विकास मंडळांची तरतूद झाली. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात राज्यातील अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा असल्याचे मांडले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. या मंडळांमुळे अनुशेष मोजण्याची आणि निधीवाटपावर लक्ष ठेवण्याची शिस्त आली, ही जमेची बाजू. मात्र मंजूर निधी प्रत्यक्ष कामात उतरविणारी यंत्रणा त्यांच्या हाताखाली नव्हती. मोजमाप करणारा एक आणि काम करणारा दुसरा, अशी ही विभागणी होती.

जिल्हा परिषद आणि मंडल : दोन वाटा

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तीन स्तरांच्या पंचायत राज्याची शिफारस केली. आंध्र प्रदेशाने १९५९ मध्ये ती स्वीकारली आणि विकासकामाचा मुख्य भार पंचायत समितीवर टाकला. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये जिल्हा हाच प्रमुख स्तर असावा अशी शिफारस केली आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, रस्ते असे विषय, ते सांभाळणारे कर्मचारी, शासनाचे अनुदान आणि लोकांनी निवडलेले सदस्य, असे सर्व एकाच ठिकाणी आले. चारही कसोट्यांचा एकत्र विचार झालेली ही रचना होती. म्हणूनच तिची चर्चा देशभर झाली आणि ग्रामीण नेतृत्वाच्या कित्येक पिढ्या तिच्यातून घडल्या.

आंध्र प्रदेशात पुढचा मोठा बदल एन. टी. रामाराव यांच्या कारकिर्दीत झाला. १९८४ मध्ये गावातील वंशपरंपरागत पटेल-पटवारी पद्धती रद्द झाली. १९८५ मध्ये तालुके मोडून लहान मंडले करण्यात आली. तीनशेहून अधिक तालुक्यांच्या जागी अकराशेच्या आसपास मंडले आली. महसूल आणि विकास या दोन्ही कामांच्या सीमा एक झाल्या, त्यामुळे दाखल्यासाठी एका गावी आणि कर्जासाठी दुसऱ्या गावी जाण्याचा त्रास वाचला. नागरिकाचे अंतर खरोखरच कमी झाले. तथापि तालुक्याच्या एका कार्यालयाचे तीन झाले म्हणजे तज्ज्ञ अभियंते आणि वैद्यकीय अधिकारी तिप्पट होत नाहीत. लहान पायरीला दाखला देता येतो. मोठी योजना आखता येत नाही. त्यासाठी जिल्ह्याचा स्तर सबळ असावाच लागतो.

महाराष्ट्रातही सर्व काही साधले, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. कालांतराने काही योजना जिल्हा परिषदेकडून पुन्हा राज्याच्या खात्यांकडे गेल्या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय दाखविले. त्यांतील प्रत्येक विषय कोणत्या मर्यादेपर्यंत खाली द्यावयाचा, हे मात्र राज्यांवर सोपविले. २०२२ मध्ये मुदत संपलेल्या अनेक जिल्हा परिषदांचा कारभार त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांकडे राहिला. अधिकार, माणसे आणि पैसा जागच्या जागी असूनही लोकांपुढे जाब देणारा सदस्य नसेल, तर जिल्हा परिषद जिलाबंदीच्या जुन्या चौकटीकडे झुकते, हे या निमित्ताने ध्यानात ठेवावे.

जिल्हे वाढवावेत की कमी करावेत?

तेलंगणात ११ ऑक्टोबर २०१६ रोजी दहा जिल्ह्यांचे एकतीस जिल्हे झाले. २०१९ मध्ये आणखी दोन वाढून ती संख्या ३३ वर गेली. योगायोग असा, की २०१६ च्याच जानेवारीत फ्रान्सने आपल्या मुख्य भूमीवरील २२ प्रांतांचे एकत्रीकरण करून १३ प्रांत केले. एकाने पायऱ्या वाढविल्या, दुसऱ्याने घटविल्या आणि कार्यक्षमता हा हेतू दोघांनीही सांगितला. फ्रान्सनेच १७९० मध्ये देशाचे ८३ भाग पाडताना नागरिकाला घोड्यावरून एका दिवसात मुख्य ठिकाणी पोहोचता यावे, असा विचार केला होता. अंतर हा मुद्दा जुना आणि योग्यच आहे. पण आज अनेक दाखले घरबसल्या मिळू शकतात आणि तरीही अर्जावर निर्णय होण्यास महिने लागू शकतात. म्हणजे अंतर आता किलोमीटरपेक्षा निर्णयाला लागणाऱ्या दिवसांत मोजावे लागते.

मराठवाड्यातही पाचांचे आठ जिल्हे झाले. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले. नवा जिल्हा झाला की जिल्हाधिकारी कार्यालयाची इमारत उभी राहते, फलक लागतो, लोकांना आनंद होतो. त्यानंतरची काही वर्षे खरी परीक्षेची असतात. रुग्णालय, कोषागार, भूमी अभिलेख, न्यायालय ही कार्यालये पूर्ण कर्मचाऱ्यांनिशी येईपर्यंत नागरिकाला जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ठिकाणी खेटे घालावे लागतात. जुने दप्तर नव्या जिल्ह्यात येणे ही बाब किरकोळ वाटते. पण जमिनीचा एक कागद हरवला तर एका कुटुंबाचा हक्कच हरवू शकतो.

उपसंहार

आबिड्सहून नामपल्ली स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हैदराबाद जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय अनेक वर्षे होते. चिराग अली लेनपासून ते फार दूर नव्हते. जिलाबंदीची हकीकत लिहिणाऱ्याच्या नावाची गल्ली आणि जिल्ह्याचे कार्यालय अशी शेजारी असावीत, हा योग चांगला म्हणावयाचा. दीडशेहून अधिक वर्षांच्या या प्रवासात अव्वल तालुकदाराचा जिल्हाधिकारी झाला, सुभ्याचा विभाग झाला आणि तालुक्याचे मंडल झाले. या बदलांतले टिकाऊ कोणते, हे पाहू गेल्यास एकच सूत्र हाती लागते. जेथे कामाबरोबर माणसे व पैसा गेला आणि त्यांच्यामागोमाग जाब विचारण्याचा लोकांचा हक्कही गेला, तेथे सुधारणा रुजली. जेथे यांपैकी एखादी गोष्ट मागे राहिली, तेथे लोकांना नव्या फलकाखाली जुनाच अनुभव आला.

जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समितीचे पदाधिकारी, ग्रामसेवक, तलाठी आणि या विषयाचे विद्यार्थी यांनी आपापल्या भागातील एखादे एकच काम निवडावे. उदाहरणार्थ, वारसाची नोंद किंवा शाळेच्या गळक्या छपराची दुरुस्ती. ते काम मंजूर करण्याचा अधिकार कोणत्या पायरीला आहे, करणारी माणसे कोणाच्या हाताखाली आहेत, पैसा कोठून येतो आणि विलंब झाल्यास उत्तर कोण देतो, हे चार प्रश्न एका कागदावर लिहून त्यांची उत्तरे मिळवावीत. चारही उत्तरे एकाच कार्यालयाकडे किंवा एकाच निवडलेल्या संस्थेकडे निर्देश करीत असतील, तर त्या भागातील मधली पायरी भक्कम आहे असे समजावे. ती चार वेगवेगळ्या दिशांना जात असतील, तर सुधारणेचे काम कोठून सुरू करावयाचे, हे त्या कागदावरच दिसून येईल.